पाठकोरे कागद

सोमवारी पारी बेल घेऊन येते, तशी त्याही सोमवारी आली. पण टोपली ओटीवर न टेकवता दारातच उभी राहिली.

"बस की गो," मी म्हटलं. "चहा टाकलाय."

"चाय नको, काकी. काका हायेत का घरात?"

इतक्या वर्षांत पारीनं ह्यांची चौकशी कधी केली नव्हती. तिचं काम माझ्याशी. ती खांब गावाच्या पुढं नदीला लागून असलेल्या कातकरवाडीवरची. सोमवारी बेल, चतुर्थीला दूर्वा, श्रावणात पत्री, उद्यापनाला पळसाच्या पत्रावळी. माझ्या सगळ्या व्रतांचं हिरवं सामान तिच्या टोपलीतून यायचं. "देव तुमचा, पाला माजा," असं म्हणायची आणि शेरभर तांदूळ, एखादं जुनं पातळ, जे दिलं ते घेऊन हसत जायची. त्या दिवशी हसली नाही.

हे आतून आले. दुकानात जायच्या तयारीतच होते. रोह्यात तहसील कचेरीसमोर ह्यांचं झेरॉक्सचं दुकान.

"काका," पारी म्हणाली, "माजा जगन काल कंपनीच्या गेटावर गेला व्हता. भरती हाय बोलले म्हणून. मुकादमानं नाव विचारला, यानं सांगितला. तर मुकादम बोलतो, जगन हिलम तर कवाचा कामावर हाय. आता पण आत हाय. तू कोण?"

मला क्षणभर हसूच आलं. म्हटलं, "अगं, त्याच नावाचा दुसरा असेल."

"बापाचा नाव पन तोच? वाडी पन तीच? आमच्या वाडीवर जगन एकच हाय, काकी. नि तो कालधरून भिंतीकडं तोंड करून झोपलाय."

ह्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि पुन्हा घातल्या. काही सुचेनासं झालं की हे असंच करतात. मग म्हणाले, "उद्या त्याला दुकानावर पाठव. मी जातो त्याच्याबरोबर."

तेव्हा कंपन्यांमध्ये ठेकेदारानं आसपासच्या गावचीच माणसं घ्यावीत असा आग्रह होता. त्यामुळे दूरवरून पोटासाठी आलेल्याला इथल्या गावचं नाव लागे. ते नाव कुठून तरी कागदावर मिळे: रेशनकार्डाची झेरॉक्स, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स. मूळ कागद मागून बघणार कोण? हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी बेल धुऊन घेतला आणि पूजेला बसले, पण माझं लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे गेटवरून परत आले ते जेवायच्या वेळी. पानावर बसले आणि भात कालवत राहिले.

"काय झालं?"

"मुकादमानं आतून त्या दुसऱ्या जगनला बोलावलं. बारीकसा माणूस होता, कुठला कोण जाणे. आपल्याकडचं नीट बोलताही येत नव्हतं. मुकादमानं हाक मारली, 'ए जगन!' तर दोघांनीही मान वळवली."

मी वाढता वाढता थांबले.

"त्यालाही आता सवय झालीय त्या नावाची," हे म्हणाले. "मुकादम हसायला लागला. म्हणाला, लेको, आता तुमच्यातला खरा कोण ते ठरवत बसू, की शिफ्ट चालवू? पुढच्या भरतीला मूळ कागद घेऊन या, तेव्हा बघू."

"आणि जगन?"

"येताना सगळा रस्ता चालत आला. रिक्षात बस म्हटलं, तर नको म्हणाला." ह्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मुकादमानं ती झेरॉक्स दाखवली मला. डाव्या अंगाला काळी पट्टी आहे, वरपासून खालपर्यंत. ती पट्टी माझ्या मशीनची."

मला आठवलं. आदल्या साली वाडीवाल्यांना दाखले द्यायला कचेरीत शिबिर भरलं होतं. कितीतरी खेपा घातल्यावर त्या लोकांच्या हाती जातीचे दाखले पडले होते. ते घेऊन सगळी वाडी ह्यांच्या दुकानापुढं रांग लावून उभी. मशीन नवं होतं, रोलरवर काही तरी चिकटलं होतं, आणि ते लक्षात येईतो ढीगभर प्रती पट्टीच्या निघाल्या. ह्यांनी सगळ्यांना पुन्हा चांगल्या प्रती काढून दिल्या, पट्टीच्या बाजूला टाकल्या. त्यातला अर्धा गठ्ठा रद्दीवाल्यानं नेला. रद्दी कोलाडच्या टपऱ्यांवर जाते, भजी बांधायला. तिथून कोणी काय उचललं, ते देवाला ठाऊक.

आणि उरलेला अर्धा गठ्ठा आमच्या घरात होता.

ते असं, की मी रोज नाम लिहिते. सकाळी पूजा झाली की पाटावर बसून श्रीराम, श्रीराम लिहायचं. लिहून झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. पेणला माझं माहेर. तिथल्या सीताबाईंनी मला हे व्रत लग्नाच्या आधी दिलं. वह्या किती आणणार? दुकान झाल्यापासून ह्यांच्याकडचे खराब झालेले कागद मी आणू लागले. पुढच्या बाजूला कोणाचं काय छापलंय ते मी कधी पाहिलं नव्हतं. मला पाठकोरी बाजू मिळाली, पुष्कळ झालं. लिहून झालेले कागद लाल फडक्यात बांधून देवघराच्या फळीवर ठेवायचे.

त्या दिवसापासून हे दुकान बंद करायच्या आधी खराब झालेला प्रत्येक कागद हातानं फाडू लागले. एकदा म्हणाले, "कंपनीच्या हापिसात एक मशीन बघितलं. कागद घातला की खालून शेवया."

"मग घ्या की एक."

"घेतलं असतं. पण खराब कागदांत जीव असलेली बाई घरातच आहे, म्हटलं तिला विचारावं." ते हसले, आणि मग हसू विरलं. "तुझ्या फडक्यात वाडीचे किती आहेत गं?"

"त्यावर नाम आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. म्हणून तर नुसतं विचारतोय."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. त्यांचा हा चांगुलपणाच मला फार जड जातो.

पुढच्या सोमवारी पारी आली. ह्या खेपेला ती ओटीवर बसली, चहाही घेतला. कपबशी धुऊन पालथी घातली आणि म्हणाली, "काकी, काका बोलले तुमच्याकडं आमच्या वाडीचे कागद हायेत."

"आहेत गो."

"मंग ते संपवा. जगनचा नाव गेला, तो गेला. पण त्यात माज्या पूजाचा कागद असंल."

पूजा तिची धाकटी. आश्रमशाळेत शिकून दहावी झाली होती. तिच्या वाडीत मुलीनं दहावी होणं तेव्हा नवलाचं. जूनमध्ये तिला पेणच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळायची होती, तिथं राहून कॉलेज.

"एका नावाला एक जागा देतात," पारी म्हणाली. "उद्या ही पेणला पेटी घेऊन गेली, नि तिथल्या बाईनं बोलला की पूजा हिलम तर आत राहाते, तू कोण? मंग माजी पोर पन भिंतीकडं तोंड करंल. कागद फाडा, काकी. माज्या डोल्यापुढं फाडा."

मी उठून फळीवरचं गाठोडं काढलं. गाठ सोडली. सगळ्यात वरचा कागद पालथा होता, माझ्या अक्षरांनी भरलेला. मी तो दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत नामाचा कागद माझ्या हातून दुमडलासुद्धा नव्हता. बोटं पुढं जाईनात.

"तू फाड, पारी," मी म्हटलं.

तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. "यो काय लिवलाय?"

"रामाचं नाव."

पारीनं कागद असा खाली ठेवला, जसा निखारा ठेवावा. "मी नाय बा. मी गरीब बाई. तुमी देवाच्या ओलखीच्या. तुमाला माफ करंल, मला नाय करणार."

मी गाठोडं पुन्हा बांधलं. शेवटी मी म्हटलं, "मी पेणला जाऊन विचारून येते. तोवर कागद घराबाहेर जायचे नाहीत, हा माझा शब्द."

"शब्द राह्यला तुमचा," पारी म्हणाली. "पन जूनच्या आत."

बुधवारी सकाळच्या एसटीनं मी पेणला गेले. सीताबाई पार वाकल्या होत्या, पण आवाज तोच, देवळाच्या घंटेसारखा. ज्या गल्लीत राहायच्या, तिथं दोन्ही बाजूंना बिनरंगाचे गणपती वाळत ठेवलेले. त्यांच्यामधून पदर सावरत मी त्यांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं; मला वाटलं झोपल्या.

"बॉलपेननं तर लिहीत नाहीस ना?" त्यांनी एकदम विचारलं.

"नाही, मावशी. तुम्ही सांगितलं तसंच, शाईच्या पेननं."

"मग ठीक. लिहिलेलं नाम फाडायचं नाही, जाळायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही. वाहत्या पाण्यात सोडायचं. एवढं तुला माहीत नाही होय? व्रत घेतलंस तेव्हा काय जांभया देत होतीस?"

"माहीत आहे. पण मावशी, मागच्या बाजूला माणसांची..."

"मागच्या बाजूला काय आहे ते देवाला काय करायचंय? तो आपलं नाव बघतो." आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवून म्हणाल्या, "जा. उन्हाच्या आधी घरी पोच."

परतीच्या वाटेत नागोठणं मागं पडलं तरी ते वाक्य माझ्या मनातून जाईना. सीताबाईंचं मी कधी खोटं मानलं नाही. पण देवाला आपलंच नाव तेवढं दिसतं आणि कागदाच्या पलीकडची पूजा दिसत नाही, हे मला पटेना. न पटण्याचीही भीती वाटली. खिडकीतून ऊन येत होतं, मी जप करत होते, आणि जपाच्या मधे मधे ती मुलगी पेटी घेऊन एका दाराशी उभी राहत होती.

तरी सांगितलं तसंच करायचं ठरवलं. पाण्यात कागद विरघळेल, दोन्ही बाजू एकदमच जातील, पारीचंही काम होईल, माझंही. असं मी मनाशी जुळवलं.

पुढच्या सोमवारी पारी बेल घेऊन आली. तो देवाला वाहून आम्ही दोघी नदीवर गेलो. कुंडलिकेला पाणी चांगलं होतं. अष्टमी गावाकडं जाणाऱ्या पुलाच्या वरच्या अंगाला, जिथं कोणी नसतं, तिथं पायऱ्यांवर बसलो. अर्धा गठ्ठा मी गाठोड्यातच ठेवला, अर्धा ओंजळीत घेतला. हळदकुंकू वाहिलं. कागद एकेक करून सोडले. पालथे सोडले, नाम पाण्याकडं करून. पारी हात जोडून उभी होती.

कागद बुडले नाहीत. होड्यांसारखे डुलत, एकामागून एक, रांगेनं पुलाकडं निघाले.

"बुडतील," मी म्हटलं. "ओले झाले की बुडतील."

दोघींनी मान लांब करून पाहिलं. कागद पुलाखालून गेले आणि पलीकडं वळणावर, जिथं बायका धुणी धुतात, तिथं थव्यानं काठाला लागले.

थोड्याच वेळात हाक आली. आमच्या शेजारची चंद्रावती तिथं धुणं घेऊन बसली होती. तिचा आवाज पुलाच्या दोन्ही तीरांना पुरतो.

"वैनी! ओ वैनी! तुमचं टपाल इकडं आलंय!"

बायका हसल्या. आम्ही पायऱ्या चढून, पूल ओलांडून धावत खाली उतरलो. चंद्रावतीनं ओला कागद दगडावर पसरला होता आणि चार यत्ता शिकल्याचा उपयोग करत मोठ्यांदा वाचत होती. "हिलम... जनू... केरू. वय... मुक्काम... अगं बाई, ह्यांची तर आख्खी कुंडली आहे हितं. वैनी, तुमी काय रोह्याच्या तलाठी झाल्या का काय?"

"वाचू नका," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान. तो पाण्यावर कुठच्या कुठं गेला.

पारी मात्र बोलायला थांबलीच नाही. लुगडं खोचून ती तशीच पाण्यात शिरली, कमरेपर्यंत. जे कागद काठाला न लागता पुढं चालले होते, त्यांच्या मागं गेली. "माजी पोर हाय त्यात!" ती ओरडली. "पकडा गो!"

बायकांना वाटलं खरंच कोणी मूल पडलं. धुणी टाकून सगळ्या उठल्या. चंद्रावती तर साडीसकट उडी घेती झाली. मग कागदच आहेत हे कळल्यावर शिव्या घातल्या, पण तोवर भिजल्याच होत्या, त्यामुळे कागदही पकडू लागल्या. मीही उतरले. पायाखाली गोटे निसटत होते. एकेक कागद धरायचा, काठावर टाकायचा. बराच वेळ गेला. शेवटी पाणी मोकळं दिसलं. एखादा गेलाही असेल पुढं, कोणी सांगावं? ती टोचणी मनात राहिली.

काठावर येऊन मी धापा टाकत बसले आणि ओले कागद नीट लावायला घेतले. नामाची बाजू वर करावी म्हणून पहिला पालथा केला.

ती बाजू कोरी होती.

दुसरा पाहिला. कोराच. कुठं कुठं निळसर सावली, तान्ह्या बाळाच्या पाठीवर निळा डाग असतो तशी. अक्षर एकही नव्हतं. शाई पाण्यानं घेतली होती. सुलटी बाजू पाहिली, तर तिथं काळी पट्टी, सरकारी शिक्का, जनू केरू हिलम, सगळं जिथल्या तिथं. हे म्हणतात की मशीनची शाई म्हणजे भुकटी. ती कागदावर भाजून बसवलेली असते. तिला पाणी काही करत नाही.

मी पारीला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोरं आणि लिहिलेलं कळायला वाचता कशाला यायला हवं?

"देवाचा नाव गेला की," ती घाबरून म्हणाली.

"गेलं नाही गो. पाण्यात सोडायचं होतं, ते पाण्यात उतरलं. सीताबाई म्हणाल्या होत्या तस्संच झालं."

"नि आमचा?"

"तुमचं राहिलं. ते देवानं आपल्या दोघींकडं ठेवलं."

हे मी बोलून गेले, आणि मग माझं मलाच ते ऐकू आलं. एसटीत जे पटत नव्हतं, त्याला उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. सीताबाईंचा शब्द खरा झाला होता आणि मागची बाजूही शिल्लक होती. नदीनं दोन्ही गोष्टी वेगळ्या करून माझ्या हातात दिल्या होत्या. पुढचं काम माझ्या बोटांचं होतं, त्यात आता कुठलं व्रत आडवं येत नव्हतं.

चंद्रावती पदर पिळत म्हणाली, "वैनी, आता घरी जाऊन काय ते करा. पुन्हा टपाल टाकायचं असेल तर आधी सांगा, मी धुणं उद्या आणीन."

घरी आलो. नदीचं पाणी दोन कळश्या बरोबर आणलं होतं. ते घंगाळात ओतलं आणि उरलेल्या अर्ध्या गठ्ठ्यातला एकेक कागद त्यात ठेवला. मी तोंडानं नाम म्हणत होते. पाणी हळूहळू निळं झालं. माझ्या कितीतरी सकाळी त्या पाण्यात होत्या. मी थोडी रडले असेन. पारीनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

मग मागच्या अंगणात, पायरीवर बसून नदीतले आणि हे, सगळे कागद फाडायला घेतले. ओला कागद टरटरत नाही; कालच्या भाकरीसारखा मुकाट तुटतो. ह्यांनी सांगून ठेवलं होतं की नाव सगळ्यात आधी तोडायचं, आणि नावाच्या मधून तोडायचं, म्हणजे एका तुकड्यात पुरं नाव राहायला नको. म्हणून मी आधी वाचायची, मग फाडायची.

"जनी सोमा वाघमारे."

"माजी नणंद," पारी म्हणाली. "बारीक फाडा. तोंड लई चालतंय तिचं."

"पांडू काळू हिलम."

"यो आमचा मालक. आणा हिकडं." तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि चांगले लहान लहान तुकडे केले. "निसता झोपतो," ती तुकड्यांना म्हणाली.

"केरू बाळ्या हिलम."

ह्या नावाला ती थांबली. "म्हातारा गेला की गेल्या शिमग्याला." मग म्हणाली, "मेलेल्याचा पन चोरतात का, काकी?"

"चोरत असतील."

"मंग फाडा."

असं एकेक घर आमच्या पायरीवर येऊन गेलं. कोण कोणाची सून, कोण मुंबईला गेला तो आला नाही, कोणाला साप चावला आणि कोणी वाचवलं. वाडीवर मी कधी गेले नव्हते. पारी माझ्या दारात आणत होती ती पानं कुठल्या झाडांची हे ठाऊक होतं. माणसं त्या दिवशी कळली. वर्षभर मी ह्यांच्याच कागदांवर लिहीत होते.

गठ्ठा कमी होत गेला. पूजा अजून आली नव्हती. नदीत गेलेल्या एखाद्या कागदात ती असेल, हे आम्ही दोघी मनात म्हणत होतो. हे जेवायला आले, अंगणाच्या दारातून त्यांनी पाहिलं आणि काही न विचारता स्वतःच पान वाढून घेतलं.

तळाशी तीन-चार कागद एकमेकांना चिकटले होते. ते नखानं सोडवले. पहिला कोणा दुसऱ्याचा. त्याच्या खालचा उचलला आणि मी थांबले.

"पूजा पांडू हिलम," मी वाचलं.

पारीनं दोन्ही हातांनी तो कागद घेतला. कडेला काळी पट्टी होती, शिक्का होता, मधे नाव. "यातला पूजा कंचा?" मी बोट ठेवून दाखवलं. ती त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली. मग कडा धरली, फाडायला बोटं आवळली, आणि सोडून दिली.

"काकी, माज्यानं नाय होत."

"अगं, ही खराब प्रत आहे. खरा दाखला तुझ्या घरी पेटीत आहे. पोर सुखरूप आहे."

"ठाव हाय मला. पन आय कशी फाडंल पोरीचा नाव?" तिनं कागद माझ्यापुढं धरला. "तुमी फाडा. मी नाव तोंडात धरून ठेवतंय."

मी कागद घेतला. पारी डोळे मिटून म्हणू लागली, पूजा, पूजा, पूजा. भरभर, न थांबता, ओठ जेमतेम हलवत. मी कागद बरोबर नावाच्या मधून फाडला. मग ते दोन तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा, मग पुन्हा. बोटांना धरवेनासा झाला तेव्हा थांबले. तरी ती म्हणतच होती.

"झालं गो," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले. माझ्या मुठीतला लगदा पाहिला, मूठ उघडायला लावून नीट पाहिला. मग उठून पातळाला हात पुसले आणि म्हणाली, "सहा जूनला जाणार हाय ती पेणला. तिला सांगतंय, दारातल्या बाईनं नाव विचारला की मोठ्यानं सांग."